काच फुटली तर जाते कुठे?

(सोलापुरात आर्किटेक्ट, बांधकाम अभियंते आणि घर बांधायला काढलेल्या मंडळींसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. काचेवर बोलायला तुम्ही मे महिना निवडलात, त्यामुळे माझं निम्मं काम बाहेरच्या उन्हानंच करून टाकलंय. तरी सुरुवात उन्हापासून नको, फुटण्यापासून करू. गिऱ्हाईक विचारतं, ‘साहेब, काच मजबूत आहे ना?’ मी विचारतो, फुटली तर तुकडे कुठे जातील?

साधी काच फुटली की लांब, धारदार पाती निघतात. टफन काच साधारण 620 ते 650 अंशांपर्यंत तापवून हवेच्या झोतानं झटक्यात थंड केलेली असते. ती साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची, आणि फुटली तर बारीक खडे. दाराला, शॉवरच्या आडोशाला ती उत्तम. पण चौथ्या मजल्यावरून ते खडे एकमेकांत अडकलेल्या ढेकळांच्या रूपात खाली आले, तर खालच्या माणसाला ते बारीक आहेत याचं काय कौतुक? शिवाय टफन काच कधी कधी कुणी हात न लावताही फुटते. काचेत निकेल सल्फाइडचा डोळ्यांना न दिसणारा कण राहिलेला असतो, तो हळूहळू फुगतो आणि एक दिवस सगळी काच खाली. कारखान्यात 250 ते 300 अंशांच्या दरम्यान पुन्हा तापवून अशा काचा आधीच फोडून काढता येतात. त्याला हीट सोक टेस्ट म्हणतात. दरपत्रकात ती मागितली नाही तर कुणी आपणहून करत नाही.

यावरचा खरा उपाय लॅमिनेटेड काच. दोन काचांमध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पारदर्शक पडदा. एदुआर बेनेदिक्तूस या फ्रेंच माणसानं 1909 मध्ये अशा काचेचं पेटंट घेतलं, तेव्हा मधला थर सेल्युलोज नायट्रेटचा होता आणि उन्हानं पिवळा पडायचा. पीव्हीबी नंतर आलं. आज काचा आणि पडदा ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाच्या बंद भट्टीत, सुमारे 140 अंश तापमान आणि बारा-तेरा बार दाब देऊन एकजीव करतात. बाजारात आपण ‘तेरा बावन्न’ म्हणतो ती हीच: 6 मिलीमीटर काच अधिक 1.52 पडदा अधिक 6 काच. फुटली तरी तुकडे पडद्याला चिकटून राहतात.

आता एक गैरसमज. लॅमिनेटेड काच घातली की खोली थंड राहते, असं विकणारे सांगतात. पीव्हीबी जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवतं, हे खरं. चादरी-टॉवेलच्या शोरूममध्ये मालाचा रंग त्यामुळे हळू उडेल. पण उष्णता आत येतच राहते, एसीचं बिल तेवढंच. उष्णता अडवायची तर काचेवर त्यासाठीचं कोटिंग हवं, आणि त्याहून स्वस्त म्हणजे बाहेर छज्जा हवा.

पीव्हीबीचा दुसरा स्वभाव आपल्या गावात फार महत्त्वाचा. ते उन्हात मऊ पडतं. थंडीत दोन काचा मिळून भार घेतात, पण काच पन्नास अंशांवर गेली की त्या जवळजवळ सुट्या काचांसारख्या वाकतात. म्हणून गच्चीवरच्या रेलिंगचा हिशेब करताना 12 मिलीमीटरची एक अखंड काच धरू नका. आणि दोन्ही थर टफनचे असतील आणि दोन्ही फुटले, तर आख्खं रेलिंग ओल्या चादरीसारखं लोळतं. तुकडे पडले नाहीत, पण माणूस पडला! अशा जागी मधला थर आयोनोप्लास्ट या दुसऱ्या प्लास्टिकचा घ्या, तो बराच कडक असतो. नाहीतर वरून धरायला पक्का हॅन्डरेल द्या. मी तर दोन्ही सुचवतो. राष्ट्रीय इमारत संहिता 2016 मध्ये काचेसाठी स्वतंत्र विभाग आहे, तो कंत्राटदाराला भेटण्याआधी वाचा.

डोक्यावरची काच, म्हणजे स्कायलाइट, लॅमिनेटेडच हवी. यावर चर्चा नको.

आता बेंड काच, म्हणजे वळण दिलेली काच. साच्यावर काच ठेवून भट्टीत तापवली की ती स्वतःच्या वजनानं साच्यावर बसते. दोन काचा एकावर एक ठेवून एकदमच वाकवल्या तर त्यांची वळणं जुळतात, पण ती काच टफन नसते. टफन हवी असेल तर प्रत्येक काच वेगळी वाकवून थंड करावी लागते. मग वळणात थोडा फरक राहतोच आणि तो भरून काढायला मधला पडदा जाड घ्यावा लागतो. एकदा टफन झाली की ना कापता येते ना भोक पाडता येतं. म्हणून फ्रेम आणि काच एकाच फर्म्यावरून करा. इथे अडचण होते ती अशी की फ्रेम एकाकडे वाकते, काच दुसरीकडे, आणि साइटवर दोघांची गाठ पडते. मग कारागीर दाबून बसवतो. ती काच काही दिवसांनी तडकणारच.

कोपऱ्यावरच्या प्लॉटला बेंड काचेचं वळण खरंच शोभतं, तिथे पैसे घाला. गोल जिन्याच्या रेलिंगला मात्र मी लोखंडच वापरीन.

आतल्या बाजूला वळलेली मोठी दर्शनी भिंत असेल तर जरा थांबा. लंडनच्या 20 फेनचर्च स्ट्रीटच्या इमारतीनं 2013 मध्ये ऊन एकवटून रस्त्यावरच्या जॅग्वार गाडीचे भाग वितळवले होते, आणि ते लंडनचं ऊन! पुढे तिथे सावलीच्या पट्ट्या बसवाव्या लागल्या. आपल्याकडे 12 मेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि पुढे जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडेच असतो. गिरण्यांच्या करवती छपरांत काचा उत्तरेला ठेवत, कारण वर्षाचा बहुतेक काळ तिकडून थेट ऊन येत नाही. तोच हिशेब आपण आजही करावा. काचेचा दर्शनी भाग उत्तरेला, पश्चिमेला शक्य तितकी भिंत.

शेवटी मघाशी मागून आलेला प्रश्न, काचेच्या फटी भरायला सिलिकॉन कोणतं? व्हिनेगरसारखा वास येणारं नको, लॅमिनेटेड काचेच्या कडेला ते पीव्हीबी खराब करतं. न्यूट्रल घ्या. आणि फ्रेमच्या तळाला पाणी साचू देऊ नका, कडेनं पडदा पांढुरका होत सुटतो. बेंड काच असेल तर ऑर्डर देतानाच एक जादा करून घ्या, नंतर त्याच वळणाची एकटी काच करायला कुणी लवकर तयार होत नाही. ती गोदामात आडवी नाही, उभी आणि कोरड्या जागी ठेवा, आणि फर्मा जपून ठेवा.