डिसेंबरचं लेकरू आणि जूनची शाळा
(अमळनेर येथे पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, दिवाळी झाली की घराघरांत वाद सुरू होतो. पोराला यंदा ज्युनिअर केजीला घालायचं, की वर्षभर थांबायचं? पुढच्या रांगेतल्या आजीबाई सुनेकडे बघताहेत, म्हणजे त्यांच्याकडेही सुरू झालेला दिसतो!

आधी हिशेब करू. आपल्या राज्यात वय मोजायची तारीख 2020 साली 30 सप्टेंबरवरून 31 डिसेंबर झाली. त्या दिवशी चार वर्षं पूर्ण होणार असतील तर ज्युनिअरला प्रवेश मिळतो. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं लेकरू जूनमध्ये साडेतीनचं, आणि त्याच्याच बाकावर जानेवारीतलं, जवळपास साडेचारचं. त्या वयात वर्ष म्हणजे केवढं मोठं अंतर असतं, हे दोन लेकरं वाढवलेल्या कुठल्याही माउलीला विचारा.

आमच्या शेजारी असाच एक डिसेंबरचा पोऱ्या आहे. शाळेचं नाव घेत नाही. त्याला चार रेघी वहीत पानभर 'अ' गिरवायला दिला. पेन्सिल मुठीत धरायचा, एवढा जोर द्यायचा की कागद फाटायचा. वहीवर लाल शाईत शेरा आला, 'लक्ष देत नाही'. आई रात्री त्याचा हात धरून पान पुरं करायची, दोघंही रडायचे. आणि हाच पोऱ्या आजीसोबत ओट्यावर ओला हरभरा सोलायला बसला, की चिमटीत घाटा धरून अलगद दाणा काढायचा. बोटं तयार होत होती हो! त्यांना पेन्सिलीआधी हरभरा हवा होता, माती हवी होती. त्याहून राग आला तो दुसऱ्या शेऱ्याचा, 'वर्गात बोलत नाही'. घरी दिवसभर अहिराणीत बडबडणारं लेकरू! बाईंनी एकदा 'तुनं नाव काय शे?' असं विचारून तरी बघायचं. अहिराणी बोलतो म्हणून पोर कच्चं ठरवू नका, आणि तेवढ्यासाठी त्याला घरीही बसवू नका. हे मी कळकळीने सांगतो.

इथे कुणीतरी म्हणणारच, बहिणाबाई कुठे शाळेत गेल्या होत्या? खरं आहे. पण त्यांना कुणी साडेतीन वर्षांच्या वयात वहीला जुंपलंही नव्हतं.

बालशिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली डहाणूजवळच्या बोर्डी गावात काम सुरू केलं. पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या बालवाडीच पोरांच्या अंगणात घेऊन गेल्या. गाणी, गोष्टी, पानं-फुलं, शंख-शिंपले. आपल्या गावातली अंगणवाडी त्याच वाटेवरची. तिला केवळ खिचडीचं ठिकाण समजू नका... अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरली म्हणतात. मुख्य मुद्दा तर आत्ता सुरू होतोय!

तर भराभर सांगतो. ऑक्टोबर ते डिसेंबरचा जन्म असेल, आणि त्यात शौचाला सांगता येत नसेल, आईपासून तासभरही दूर राहवत नसेल, किंवा शाळा पहिल्या महिन्यापासून लिहून घेणारी असेल, तर थांबा. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही तीन ते आठ वर्षांचा एकच पायाभूत टप्पा धरलाय, आणि पहिलीचा प्रवेश सहा वर्षं पूर्ण झाल्यावर. आज घाई केली तर पोर साडेपाचलाच पहिलीत बसतं.

मात्र थांबायचं म्हणजे मोबाइल देऊन घरात ठेवायचं नाही. अंगणवाडीत पाठवा, शेतावर न्या, चार पोरांत खेळू द्या. शाळा खेळवणारी असेल आणि पोर रमत असेल, तर डिसेंबरचं असलं तरी खुशाल घाला. आणि ऐकू येण्याची किंवा बोलण्याची शंका असेल तर वर्ष थांबून ती फिटत नाही. आधी डॉक्टरांना दाखवा, उद्याच.

वेळ संपली. ज्यांना आपल्या लेकराचं विचारायचंय, त्यांनी त्याची जन्मतारीख सांगा. मी मागच्या ओसरीवर बसतो.