कार्पेटखालची व्हिक्टोरियन फरशी

नमस्कार मंडळी.

इंग्लंडमध्ये जुनं घर घेतलेल्या मराठी माणसाचा क्रम साधारण ठरलेला असतो. पहिल्या हिवाळ्यात बॉयलर, मग खिडक्या, आणि मग कधीतरी एका रविवारी हॉलवेतल्या कार्पेटचा कोपरा उचकटून बघणं. खाली डांबराचे काळे पट्टे, रंगाचे शिंतोडे, आणि त्यातून डोकावणारी तांबडी, काळी, पिवळसर नक्षी. जुन्या फरश्या दुरुस्त करणं हे माझं काम, त्यामुळे लगेच मला फोन येतो, "अहो, खाली ओरिजिनल टाइल्स आहेत! पॉलिश मारून चकाचक करून द्या ना."

आज बोलायचंय ते या 'चकाचक'बद्दलच. सव्वाशे-दीडशे वर्षांच्या पावलांनी या फरश्यांचं जेवढं बिघडलं नाही, तेवढं गेल्या काही दशकांत त्यांना चमकवायला निघालेल्यांनी बिघडवलं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ही फरशी म्हणजे नेमकं काय ते बघू. मध्ययुगात इथल्या मठांमधून आणि चर्चमधून नक्षीच्या मातीच्या टाइल्स घालत. ओल्या मातीच्या टाइलवर साच्याने खळगा पाडायचा, त्यात दुसऱ्या रंगाची माती भरायची आणि भाजायचं. पुढे ही कला जवळजवळ बुडाली. 1830 साली स्टॅफर्डशरमधल्या सॅम्युअल राइटने तसल्या टाइल्स बनवण्याचं पेटंट घेतलं, त्यात हर्बर्ट मिंटन या कारखानदाराने हिस्सा विकत घेतला, आणि बरीच वर्षं भट्टीत पैसे जाळल्यावर त्याला माल जमला. 1840च्या दशकाच्या सुरुवातीला लंडनच्या टेंपल चर्चमध्ये त्याच्या टाइल्स लागल्या, पाठोपाठ पार्लमेंटच्या नव्या इमारतीत वास्तुरचनाकार प्युजिनने काढलेल्या नक्षीच्या. लिव्हरपूलच्या सेंट जॉर्जेस हॉलमध्ये तीस हजारांहून जास्त टाइल्सची एक अवाढव्य फरशी आहे. ती एरवी लाकडी तक्तपोशीखाली झाकलेली असते आणि अधूनमधून लोकांना बघायला उघडतात. संधी मिळाली तर चुकवू नका.

पण आपल्या टेरेस्ड, म्हणजे ओळीने चिकटून बांधलेल्या, घरातल्या हॉलवेपर्यंत टाइल आली ती दुसऱ्या एका शोधामुळे. 1840 साली रिचर्ड प्रॉसरने मातीची कोरडी पूड दाबून बटणं बनवायचं पेटंट घेतलं. मिंटनने ते हेरलं आणि टाइलला लावलं. ओली माती वाळताना आकसते, वाकडी होते. पूड दाबून केलेली टाइल फारशी आकसत नाही, त्यामुळे माप काटेकोर राहतं. सहा इंचाचा चौकोन धरा, त्याचे अर्धे, पाव, त्रिकोण, पट्ट्या पाडा. सगळं एकमेकांत इतकं चपखल बसतं की दोन टाइल्समधली फट जेमतेम मिलिमीटरभर. कारखान्यांच्या नमुन्यांच्या पुस्तकातून बिल्डर नक्षी निवडायचा. तांबडा आणि पिवळसर रंग मातीचा स्वतःचा, म्हणून स्वस्त. पांढरा महाग, आणि निळा कोबाल्टमुळे त्याहून महाग. त्यामुळे हॉलवेत निळं किती आहे त्यावरून पहिल्या मालकाच्या खिशाचा अंदाज येतो. आणि गंमत बघा, ही सगळी श्रीमंती पाहुण्याला दिसेल तेवढ्याच जागेत. स्वयंपाकघराचं दार आलं की नक्षी संपते आणि मोलकरणीच्या पायांखाली साध्या लाल फरश्या सुरू होतात.

आता कळीचा मुद्दा. ही फरशी घातली कशावर? बऱ्याच घरांत विटांचे तुकडे, राख, मुरूम असला भराव, त्यावर चुन्याचा किंवा सिमेंटचा थर आणि त्यावर टाइल. खाली प्लास्टिकचा कागद नाही, ओल अडवणारा कुठलाच पडदा नाही. जमिनीतली ओल वर येते, टाइलमधून आणि फटींमधून हवेत उडून जाते. रोज, गुपचूप. घर बांधणाऱ्याला हे ठाऊक होतं की नव्हतं कोण जाणे, पण फरशी टिकली ती याच्यामुळे.

त्यावर तुम्ही पॉलियुरेथेनचं जाड वार्निश मारलंत की काय होतं? पहिले काही महिने झकास. येणारे-जाणारे वाहवा करतात. मग एखाद्या ओल्या हिवाळ्यात वार्निशखाली दुधी ढग दिसायला लागतात. कोकणात वाढलेल्यांना भिंतीला लोणा लागणं म्हणजे काय ते सांगायला नको. हा तोच लोणा. ओलीबरोबर क्षार वर येतात. वाट मोकळी असेल तर ते पृष्ठभागावर पांढऱ्या पिठासारखे साठतात आणि ब्रशने झाडता येतात. वाट बंद असेल तर ते टाइलच्या वरच्या कातडीखालीच स्फटिक होऊन फुगतात, आणि टाइलचे पोपडे सुटतात. वार्निश खरवडून काढता येईल, पण उडालेली नक्षी परत आणता येत नाही. शिवाय अडवलेली ओल बाजूच्या भिंतीत चढते ती वेगळीच. मग घरमालक भिंतीच्या ओलीवर खर्च करत बसतो आणि दोष पावसाला देतो.

म्हणून काम सुरू करण्याआधी फक्त बघायचं. पन्नास पेन्सचं नाणं घेऊन गुडघ्यावर बसा आणि एकेक टाइल ठोकत जा. भरीव आवाज आला की ठीक. पोकळ आवाज आला तरी ती हलत नसेल तर तिला हात लावायचा नाही. कित्येक पोकळ टाइल्स शेजारणींच्या आधाराने वर्षानुवर्षं घट्ट बसलेल्या असतात. एक उचलायला जाल तर चार सुटतील. ज्या खरोखर डुगडुगतात त्याच काढायच्या, त्याही फोटो काढून, मागे नंबर टाकून. खाली चुना असेल तर छिन्नीच्या हलक्या फटक्याने तो निघतो. सिमेंट असेल तर संयम लागतो, कारण इथे टाइल फुटते ती घाईने.

ज्यांच्याकडे कार्पेटखाली जुन्या चौकोनी प्लास्टिकच्या टाइल्स किंवा काळा गोंद आहे, त्यांनी इथे जरा कान देऊन ऐका. 1950 ते 70च्या दशकांत घातलेल्या अशा टाइल्समध्ये आणि त्यांच्या डांबरी गोंदात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ब्रिटनमध्ये त्यावर पूर्ण बंदी आली ती 1999 साली. तेव्हा खरवडण्याआधी तुकडा प्रयोगशाळेत तपासून घ्या, खर्च फार नसतो. सँडर, म्हणजे घासायचं मशीन, तर अजिबात लावू नका. आणि घर लिस्टेड, म्हणजे सरकारच्या वारसा-यादीतलं, असेल तर टाइल्स काढण्या-बदलण्याआधी कौन्सिलला विचारा.

साफसफाईचं तत्त्व सोपं आहे: आधी सगळ्यात सौम्य उपाय, तोही दाराआडच्या एका टाइलवर. अल्कधर्मी क्लीनर पाण्यात मिसळून ओतायचा, थोडा वेळ मुरू द्यायचा, नायलॉनच्या ब्रशने घासायचं आणि गढूळ पाणी लगेच व्हॅक्यूमने ओढून घ्यायचं. मॉपने काळं पाणी इकडचं तिकडे फिरवण्यात अर्थ नाही. मळ उचलला गेला पाहिजे. पाणी बेताचंच वापरा. फरशीवर तळं केलंत तर ते सगळं खालच्या भरावात मुरणार आणि मग आठवडेच्या आठवडे वर येत राहणार. रंगाचे थेंब प्लास्टिकच्या पट्टीने किंवा ब्लेड आडवं धरून अलगद. तारेचा काथ्या नको, त्याचे कण मागे राहून गंजतात आणि पांढऱ्या टाइलवर तांबूस ठिपके उमटतात.

मगाशी चहाच्या वेळी एका काकूंनी विचारलं, "व्हिनेगर चालेल का? आमच्याकडे सगळं त्यानेच लखलखतं." काकू, तांब्या-पितळेला चालेल, इथे नको. आम्ल फटीतला चुना खातं. विटा धुवायचं हायड्रोक्लोरिक आम्ल काही बिल्डर सर्रास वापरतात. दहा मिनिटांत फरशी नव्यासारखी दिसते, पण नंतर वर्षभर तिच्यातून क्षार निघत राहतात.

मशीनने घासून नवा थर उघडणारेही असतात. साध्या एकरंगी टाइलचा रंग आरपार असतो, तरी भट्टीत तयार झालेली वरची घट्ट कातडी घासली गेली की ती मळ लवकर धरते. नक्षीच्या टाइलमध्ये तर रंगीत मातीचा थर तीनेक मिलिमीटरचाच. दाराच्या तोंडाशी पावलांनी त्यातला निम्मा आधीच झिजवलेला असतो. उरलेला तुम्ही कशाला काढता?

तुटक्या-हरवलेल्या टाइल्सचं बघू. जुना माल भंगारवाल्यांकडे मिळतो, आणि श्रॉपशरमध्ये जॅकफील्डला क्रेव्हन डनिल कंपनीच्या जुन्या कारखान्यात आजही अशा टाइल्स बनतात. पार्लमेंटच्या दुरुस्तीसाठीही त्यांच्याच टाइल्स गेल्या. तिथलं टाइल्सचं संग्रहालय सहलीला उत्तम. पण नवी टाइल जुनीपेक्षा पातळ असते, मापात केसभर फरक असतो आणि रंग कोरा करकरीत. आठ-दहा नव्या टाइल्स हॉलवेच्या मधोमध बसवल्या की त्या ओरडतात. त्यावर जुन्या कारागिरांची एक युक्ती आहे, मला ती फार आवडते. जिन्याखालच्या कपाटात किंवा पायपुसण्याच्या खळग्यात तीच नक्षी चालू असते का बघा. असेल तर तिथल्या जुन्या टाइल्स काढून मधोमध लावायच्या आणि नव्या त्या अंधाऱ्या जागी. परवा पूर्व लंडनमधल्या एका घरात असंच केलं. रेडिएटरच्या पाइपसाठी कुणीतरी दारासमोरच वितभर चर खोदून त्यात करडं सिमेंट भरलं होतं. काळे आणि पिवळसर त्रिकोण जिन्याखाली सापडले. बसवून झाल्यावर घरातल्या आजोबांना जोड कुठे आहे ते शोधायला सांगितलं. चष्मा लावून बराच वेळ वाकले आणि शेवटी भलत्याच टाइलवर बोट ठेवलं.

इथे एक विषयांतर करतो. भारतात गेलात की म्हणाल, "आमच्या आजोळीही अश्शाच टाइल्स होत्या." अशा होत्या, याच नव्हेत. मुंबईत भाऊ दाजी लाड संग्रहालयात मिंटनच्या टाइल्स आहेत, छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसमध्ये मॉ या इंग्लिश कंपनीच्या. त्या इथूनच बोटीने गेलेल्या, भाजलेल्या मातीच्या. पण गिरगावातल्या आणि गोव्यातल्या घरांमधली बहुतेक नक्षी ही सिमेंटची. रंगीत सिमेंट साच्यात दाबून, भट्टीशिवाय केलेली. मुंबईत 1922 साली भारत फ्लोअरिंग टाइल्स सुरू झाली, तिचाही माल सिमेंटचाच आणि स्वदेशीच्या जोमातला. दिसायला बहिणी, पण स्वभाव वेगळा. सिमेंटच्या टाइलवर आम्ल पडलं की वरचा रंगच जातो. तेव्हा इथलं ज्ञान तिथे जसंच्या तसं लावू नका.

आता सीलर, म्हणजे टाइलला मळ-पाण्यापासून जपायला वरून लावायचं द्रव, ज्यासाठी तुम्ही खरं तर आलात. तो सगळ्यात शेवटी, आणि फरशी वाळल्याशिवाय मुळीच नाही. वाळली हे कसं कळणार? फूटभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर थांबा. उन्हाळा असेल तर काम लवकर होतं. जानेवारीत कधीकधी काही आठवडे जातात. गिऱ्हाईक वैतागतं, वैतागू द्यावं.

सीलर दोन प्रकारचे. एक टाइलच्या आत मुरतो, वर थर धरत नाही आणि वाफ जाऊ देतो. दुसरा वर पातळ पापुद्रा धरून चमक देतो. खालून ओल येणाऱ्या जुन्या फरशीला मी पहिलाच लावतो. रंग खुलवणारा मुरणारा सीलरही मिळतो, त्याने तांबडा आणि काळा ओल्या टाइलइतका गडद दिसतो. पातळ हात फिरवायचा आणि जे शोषलं जात नाही ते बाटलीवर लिहिलेल्या वेळात फडक्याने पुसून घ्यायचं. ही पुसण्याची पायरीच लोक गाळतात. मग वर चिकट राप राहतो, त्यावर धूळ बसते आणि "तुमचा सीलर काळा पडला" म्हणून फोन येतो. पांढऱ्या टाइल्स दाट असतात, जवळजवळ काहीच पीत नाहीत, त्यांच्यावरचं तर आधी पुसा. जवसाचं तेल ही जुनी पद्धत, पण ते चिकट होतं आणि मळ धरतं. मी लावत नाही.

काही फरश्यांना मी सीलरच लावत नाही. वर्षातले बारा महिने लोणा येत असेल तर आधी त्याचं कारण शोधायचं: बाहेरची जमीन घराच्या आतल्या पातळीपेक्षा वर आली आहे का, पन्हळ फुटली आहे का, भिंतीतली हवेची जाळी कुणी बुजवली आहे का. हे निस्तरलं की मगच बाटली उघडायची. तोवर पांढरं पीठ कोरड्या ब्रशने झाडत राहा. पाण्याने पुसलंत तर ते विरघळून परत आत जाईल.

एवढं झाल्यावर निगा फार नाही. दारात चांगलं जाड पायपुसणं, कारण झीज होते ती बुटांबरोबर येणाऱ्या रेतीने. रोज झाडू, आठवड्यातून एकदा सौम्य क्लीनरचा पिळलेला मॉप. स्टीम मॉप भेट मिळाला असेल तर बाथरूमला वापरा. आणि सीलर पुन्हा कधी लावायचा, हे कॅलेंडर बघून ठरवू नका. जिथे सगळ्यात जास्त वर्दळ आहे तिथे पाण्याचा थेंब टाका. तो गोल उभा राहिला तर काही करायचं नाही. लगेच पसरून टाइल गडद झाली, तर तेवढ्याच पट्ट्यात एक हात पुरतो.

प्रश्न घेऊ या. ज्यांनी फोनवर फोटो आणलेत त्यांनी पुढे या, आणि फोटोत टाइलशेजारी मोजपट्टी नसेल तर माप मी विचारणारच.