दाबलेला स्फटिक आणि इलेक्ट्रॉनांची जोडी

श्रोतेहो, नमस्कार. आज मी रेडिओवरून आपल्याशी आगकाडीच्या गुलाएवढ्या एका काळ्या स्फटिकाविषयी बोलणार आहे. स्ट्रॉन्शियम, रुथेनियम आणि ऑक्सिजन यांचे हे संयुग सुमारे 1.5 केल्विनला, म्हणजे निरपेक्ष शून्याच्या जेमतेम दीड अंश वर, अतिसंवाहक होते, म्हणजे त्याचा विद्युत रोध पार नाहीसा होतो. त्याची अतिसंवाहकता योशितेरू माएनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली दाखवली.

अतिसंवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने वावरतात. शिसे किंवा पारा यांसारख्या नेहमीच्या अतिसंवाहकांत जोडीतल्या दोन इलेक्ट्रॉनांची स्पिन, म्हणजे त्यांना इवल्या चुंबकासारखे वागायला लावणारे अंगभूत गुणधर्म, परस्परविरुद्ध असतात आणि एकमेकांना पुसून टाकतात. या संयुगात मात्र, अतिशीत द्रवरूप हीलियम-3 मध्ये असतात तशा, समांतर स्पिनच्या जोड्या असाव्यात असा तर्क पुढे आला, आणि 1998 साली जपानमधल्या एका प्रयोगाने त्याला दुजोराही दिला.

तो प्रयोग रेडिओ लहरींचाच होता, म्हणून आपल्याला तो जवळचा वाटावा. साध्या ऑक्सिजनच्या अणुकेंद्राला स्पिन नसते. त्यामुळे स्फटिक ऑक्सिजन-17 च्या वायूत तापवून त्यात हा विरळा समस्थानिक, म्हणजे ऑक्सिजनचाच किंचित जड प्रकार, मुरवतात, मग त्याला चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेडिओ लहरींचे छोटे स्पंद देतात आणि अणुकेंद्र कोणत्या कंप्रतेला उत्तर देते ते ऐकतात. भोवतालच्या इलेक्ट्रॉनांची स्पिन क्षेत्राच्या दिशेने जराशी कलली, की ही कंप्रता किंचित सरकते. जोड्या विरुद्ध स्पिनच्या असतील, तर अतिसंवाहक अवस्थेत हे सरकणे घटायला हवे. ते घटले नाही, आणि पुढची वीस वर्षे हा स्फटिक समांतर जोड्यांचे उदाहरण म्हणून शिकवला गेला.

मग दाबाचे प्रयोग आले. चोहोबाजूंनी सारखा दाब दिला तर या संयुगाचे संक्रमण तापमान, म्हणजे ज्या तापमानाला अतिसंवाहकता सुरू होते ते, उलट खाली येते. पण ड्रेस्डेन येथील माक्स प्लांक संस्थेत अँड्र्यू मॅकेन्झी आणि क्लिफर्ड हिक्स यांच्या गटाने स्फटिकाची दोनतीन मिलिमीटर लांबीची काडी दोन्ही टोकांना चिकटवली आणि विजेने लांबी बदलणाऱ्या पिझोविद्युत ठोकळ्यांच्या साहाय्याने तिला एकाच दिशेने दाबले. काडी शंभरात अर्ध्या भागाहून किंचितच जास्त आखूड झाली असेल, एवढ्यात संक्रमण तापमान सुमारे 3.5 केल्विनपर्यंत, म्हणजे दुपटीहून वर गेले. स्फटिकाची चौकोनी सममिती मोडल्याने इलेक्ट्रॉनांना उपलब्ध असलेल्या अवस्थांची एका ऊर्जेपाशी दाटी होते, हे त्यामागचे कारण.

2019 साली लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी अशाच दाबलेल्या काडीवर ऑक्सिजन-17 चा प्रयोग पुन्हा केला, आणि स्पिनचा प्रतिसाद स्पष्टपणे घटलेला दिसला. दाब काढून घेतल्यावरही तो घटतच होता. गोम स्पंदांत होती. रेडिओ स्पंदाने धातूत भोवरी प्रवाह उठतात आणि नमुना क्षणभर तापतो, 1.5 केल्विनच्या आसपास तेवढी ऊबही अतिसंवाहकता मोडायला पुरते. आधीच्या मोजमापात उत्तर मिळत होते ते बहुधा तापलेल्या, साध्या धातूचे. स्पंदांची ऊर्जा कमी केली आणि खरे उत्तर ऐकू आले. 1998 चा प्रयोग करणाऱ्या जपानी गटानेही पुन्हा मोजून ही घट मान्य केली, आणि मला या साऱ्या प्रकरणात हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते.

तरीही स्फटिक पुरता उलगडलेला नाही. म्युऑन, म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या जड भावंडासारख्या अल्पायुषी कणांच्या, प्रयोगांत अतिसंवाहक अवस्थेत स्फटिकाच्या आत अतिशय क्षीण चुंबकीय क्षेत्रे आढळतात, आणि विरुद्ध स्पिनच्या साध्यासुध्या जोडीतून ती उगवत नाहीत. एकाच दिशेने दाब दिला की अतिसंवाहकता वरच्या तापमानाला सुरू होते, पण ही क्षेत्रे मात्र जवळपास जुन्याच, खालच्या तापमानाला उमटतात. दाब चोहोबाजूंनी सारखा असेल तर दोन्ही तापमाने बरोबरीने खाली सरकतात.