थंडीत फुटतो दांडा: घरातल्या ऑर्किडचा दुसरा बहर

(दृश्य: खिडकीजवळची कुंडी. पानं जाड, हिरवीगार. फूल नाही.)

निवेदन:
हे फॅलेनॉप्सिस. भेट म्हणून घरी येणारं ऑर्किड बहुतेक वेळा हेच असतं. आणलं तेव्हा फुललेलं होतं. फुलं दोन-अडीच महिने टिकली आणि गळली. मग वर्ष सरलं, नवी पानं आली, मुळं कुंडीबाहेर डोकावली, पण फुलांचा दांडा काही निघाला नाही. झाडाला रोग झालेला नाही. फुलण्यासाठी त्याला जी थंडी लागते, ती मिळालेली नाही.

फॅलेनॉप्सिसच्या रानटी जाती फिलिपिन्स, इंडोनेशियाच्या दमट जंगलांत झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढतात. तापमान सतत 28 अंशांच्या वर राहिलं की हे झाड नुसती पानं वाढवत बसतं. दिवसा 25 अंशांच्या आसपास आणि रात्री 16 ते 20 अंश, असे चार ते सहा आठवडे मिळाले की पानाच्या बगलेतला डोळा जागा होतो आणि त्यातून दांडा फुटतो. व्यापारी हरितगृहांतही हेच करतात: झाड उबेत वाढवायचं आणि विक्रीच्या काही महिने आधी थंड विभागात हलवायचं.

तांदळाचं धुवण, केळीच्या सालीचं पाणी, कांद्याच्या सालीचा काढा यांच्यावर फार भिस्त ठेवू नका. त्यांत थोडी अन्नद्रव्यं असतात, पण दांडा काढण्याची ताकद नसते. उलट धुवणातला स्टार्च कुंडीत मातीऐवजी भरलेल्या कोळशाच्या आणि काथ्याच्या फटींत आंबतो, त्यावर चिलटं येतात आणि मुळांभोवती ओल साचून राहते. दांड्यासाठीचा नैसर्गिक उपाय खिडकीतून येतो: गार रात्र आणि पुरेसा उजेड.

(दृश्य: पहाट. अर्धवट उघडी खिडकी.)

निवेदन:
पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर या भागांत नोव्हेंबर ते जानेवारी ही संधी आपसूक मिळते. कुंडी उन्हाने तापणाऱ्या भिंतीपासून लांब, पूर्वेच्या खिडकीत ठेवा आणि रात्री खिडकी उघडी राहू द्या. पारा 12-13 अंशांखाली जाणार असेल, तर तेवढ्या रात्री कुंडी आत घ्या.

मुंबई, कोकण, गोवा इथे गणित अवघड आहे. जानेवारीतही दुपारी पारा तिशी गाठतो, आणि दिवस तापलेला असेल तर नुसती गार रात्र पुरत नाही. घरातला सगळ्यात थंड, तरीही उजेडाचा कोपरा शोधावा लागतो. एसीची खोली चालेल, पण थेट झोतात कुंडी नको. एवढं करूनही एखादा हिवाळा कोरडा जाईल. म्हणून किनारपट्टीवर नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी डेंड्रोबियम हे दुसरं ऑर्किड घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. बाजारात मिळणारे त्याचे संकर उष्ण हवेतच खुलतात. त्यांना सकाळचं कोवळं ऊन मात्र हवंच. एक लक्षात ठेवा: डेंड्रोबियमच्या पानं झडलेल्या जुन्या कांड्या कापू नका. त्यांत पाणी आणि अन्न साठवलेलं असतं आणि त्यांच्यावरही पुन्हा तुरे येतात.

आता उजेड. दुपारी पानाच्या वर एक फूटभर हात धरा. सावली पुसट, मऊ कडांची पडली तर फॅलेनॉप्सिससाठी उजेड बरोबर आहे. सावलीच पडली नाही तर तो कमी आहे. काटेकोर, गडद सावली पडत असेल तर पान भाजेल. मधे पातळ पडदा लावा. पानंही सांगतात. गर्द काळपट हिरवी, लांबट, लोंबणारी पानं म्हणजे झाड उजेडाला भुकेलं आहे, आणि अशा झाडाला कितीही थंडी दिली तरी दांड्यासाठी लागणारा साठा त्याच्याकडे नसतो.

(दृश्य: मुळांचा क्लोजअप. आधी रुपेरी, पाणी पडताच हिरवी.)

निवेदन:
पाणी कधी द्यायचं ते मुळांना विचारा. मुळांवर स्पंजासारखं आवरण असतं. ते कोरडं झालं की रुपेरी दिसतं, भिजलं की हिरवं. मुळं रुपेरी झाली की सकाळी कुंडीतून भरपूर पाणी वाहू द्या आणि खालच्या बशीत साचलेलं ओतून टाका. उन्हाळ्यात ही वेळ तीन-चार दिवसांनी येते, पावसाळ्यात कधी दहा दिवसांनीही. पानांच्या मधल्या गाभ्यात पाणी राहिलं तर कापडाच्या टोकाने टिपून घ्या. गाभा कुजला की फॅलेनॉप्सिसला वर वाढायला दुसरा शेंडा नसतो. बोअरचं जड पाणी टाळा. मुळांवर क्षारांची पांढरी पुटं चढतात. साठवलेलं पावसाचं पाणी सर्वांत चांगलं.

विकत आणलेल्या झाडाच्या मुळांत बरेचदा ओल्या शेवाळाचा घट्ट गोळा असतो. आपल्या पावसाळ्यात तो वाळतच नाही आणि आतली मुळं सडतात. फुलं संपली की तो काढा. पोकळ, तपकिरी मुळं निर्जंतुक कात्रीने कापा. दालचिनीची पूड फक्त कापलेल्या टोकाला लावा. निरोगी मुळावर पडली तर तेही सुकवते. नवं माध्यम म्हणून दोन भाग लाकडी कोळसा आणि एक भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, दोन्ही साधारण दोन सेंटिमीटरचे. सोडण दोन-तीन दिवस भिजवा आणि पाणी रोज बदला, म्हणजे त्यातला खारटपणा निघून जाईल. कुंडी मुळं जेमतेम मावतील एवढीच घ्या, भोकं भरपूर हवीत. नंतर तीन दिवस पाणी देऊ नका.

खत थोडं पण नेमाने. गाळलेलं गांडूळपाणी दहापट पाण्यात, किंवा 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सम प्रमाणात असलेलं खत) लिटरला अर्धा ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा. आधी साध्या पाण्याने मुळं भिजवा, मग खत द्या. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुऊन काढा.

(दृश्य: पानाखालून निघालेला हिरवा कोंब.)

निवेदन:
हे मूळ की दांडा? मुळाचं टोक गोल, गुळगुळीत असतं. दांड्याचं टोक चपटं असतं, त्यावर खवल्यासारखा पापुद्रा दिसतो आणि तो उजेडाकडे वळतो. एकदा दांडा दिसला की कुंडीची दिशा बदलू नका, नाहीतर दांडा वेडावाकडा होतो. वीतभर झाला की बांबूच्या काडीला सैल बांधा. कळ्या उमलायला अजून अडीच ते तीन महिने लागतात.

कळ्या पिवळ्या पडून गळतात त्या याच काळात. एसीची कोरडी हवा, मुळांना पडलेला ताण, जागाबदल ही कारणं नेहमीची. एक कारण मात्र सहसा लक्षात येत नाही: शेजारची फळांची टोपली. पिकणाऱ्या केळ्या-आंब्यांतून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कळ्या झडतात. कापसासारखे पांढरे पिठ्या ढेकूण दिसले तर सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसा.

फुलं गळल्यावर दांडा हिरवा आणि झाड दणकट असेल तर खालून तिसऱ्या पेराच्या थोडं वर कापा. त्या पेरातून दुसरा तुरा फुटू शकतो. झाडाला चारपेक्षा कमी पानं असतील किंवा ती मलूल असतील, तर दांडा बुडापासून काढा आणि पुढच्या हिवाळ्यापर्यंत त्याला पानं आणि मुळं वाढवू द्या.