टेस्ट मध्येच थांबली, तर क्लेम कसा पाठवायचा?

नमस्कार मेडिकल कोडर मंडळी, म्हणजे उपचारांना कोड देऊन विमा कंपनीकडे बिल, म्हणजे क्लेम, पाठवणारे आपण. समोर चार्ट आहे, मेडिकेअरच्या (अमेरिकेतला सरकारी आरोग्य विमा) पेशंटची स्क्रीनिंग कोलोनोस्कोपी, म्हणजे त्रास नसताना केलेली मोठ्या आतड्याची दुर्बिणीची तपासणी. डॉक्टरांनी लिहिलंय: स्कोप स्प्लेनिक फ्लेक्शरच्या (मोठ्या आतड्याचं डावीकडचं वळण) पुढे गेला, पेशंटचं बीपी एकदम खाली आलं, सीकमपर्यंत (मोठ्या आतड्याचं सुरुवातीचं टोक) न जाताच प्रोसिजर थांबवली. घाईत बरेच जण नुसता कोड टाकून क्लेम पाठवतात. पैसेही येतात. नुकसान होतं पेशंटचं, आणि मला राग येतो तो त्याचाच.

साधारण जोखमीच्या पेशंटला मेडिकेअर ही स्क्रीनिंग १० वर्षांतून एकदा देतं. तुम्ही ती पूर्ण झाली म्हणून पाठवलीत, की त्याची पाळी संपली. पुढे तोच पेशंट पुन्हा येतो, या वेळी तपासणी नीट पार पडते आणि क्लेम डिनाय होतो, कारण मुदत व्हायचीय! मॉडिफायर ५३ (कोडला जोडायचा दोन अंकी आकडा, काम कसं झालं ते सांगणारा) लावला असता तर अर्धवट राहिलेली तपासणी त्या मुदतीत धरलीच नसती. डॉक्टरांना पहिल्या वेळचे साधारण निम्मे पैसे मिळतात, दुसऱ्या वेळचे पूर्ण.

आता ५२ आणि ५३ चा घोळ. पेशंटला धोका निर्माण झाला किंवा अचानक अडचण आली म्हणून सुरू केलेलं काम सोडावं लागलं, तर ५३. काम ठरल्यापेक्षा कमी झालं, तर ५२. स्लीप स्टडी बघा. तिच्या ९५८१० या कोडला किमान ६ तासांचं रेकॉर्डिंग लागतं. पेशंट रात्री २ वाजताच वायरी काढायला लावून घरी गेला, रेकॉर्डिंग ४ तासांचं भरलं, तर ९५८१० ला ५२. त्यामुळे रेकॉर्डिंग कधी सुरू झालं, कधी बंद झालं, या वेळा रिपोर्टमध्ये आधी शोधा.

७३ आणि ७४ हे मॉडिफायर हॉस्पिटलच्या आउटपेशंट विभागासाठी आणि सर्जरी सेंटरसाठी. भूल देण्याआधी थांबलं तर ७३, दिल्यानंतर ७४. डॉक्टरांच्या बिलावर ते लावायचे नाहीत.

आणि स्ट्रेस टेस्ट? ट्रेडमिलवर छातीत दुखलं, ईसीजी बदलला, म्हणून थांबवली. ती अर्धवट नाही. हेच बघायला तर पेशंटला चालवत होते. तिथे मॉडिफायर नको.

नोटमध्ये कारणच नसेल तर अंदाजाने काही लावू नका. डॉक्टरांना क्वेरी पाठवा: स्कोप कुठवर गेला, का थांबवला. क्वेरीत उत्तर मात्र सुचवू नका, ते त्यांच्याच शब्दांत येऊ द्या.