फुगवटा फुटण्याआधी, फुटल्यानंतर

पडद्यावर दिसतोय तो मेंदूच्या तळाशी असलेल्या धमनीचा फाटा. रक्ताचा मारा इथे सतत बसतो. भिंत कमकुवत झाली की ती बाहेर फुगते. हाच ॲन्युरिझम. शंभरातल्या साधारण तीन प्रौढांच्या डोक्यात तो असतो आणि बहुतेकांचा आयुष्यभर फुटत नाही.

फुटला, तर क्षणार्धात भयंकर डोकं दुखतं. पहिल्या चोवीस तासांत पुन्हा रक्तस्राव होण्याची भीती सर्वाधिक. त्यामुळे तो लवकर बंद करावाच लागतो.

१९३७ साली बाल्टिमोरमध्ये सर्जन वॉल्टर डँडी यांनी कवटी उघडली आणि फुगवट्याच्या मानेवर, म्हणजे तो धमनीला जोडलेला असतो त्या भागावर, चांदीची क्लिप बसवली. आज मायक्रोस्कोप आहे, क्लिप बहुधा टायटॅनियमची असते. कसोटी मात्र तीच: मान पुरती मिटली पाहिजे आणि शेजारची बारीक धमनी क्लिपखाली सापडता कामा नये.

दुसरी वाट आतून जाते. मांडीच्या सांध्यातून किंवा मनगटातून घातलेली नळी थेट फुगवट्यापर्यंत पोचते. तिच्यातून प्लॅटिनमची मऊ तार, म्हणजेच कॉइल, आत सरकते आणि वेटोळं घालते. नीट बसली नाही, तर मागे ओढता येते. बसली, की सौम्य वीजप्रवाह सोडतात. जोड विरघळतो, कॉइल आत राहते. मग दुसरी, तिसरी. ही करामत इटालियन डॉक्टर ग्विदो गुग्लिएल्मी यांची. रुग्णावर पहिला वापर १९९० मध्ये झाला.

मग कॉइलच बरी? फुटलेल्या ॲन्युरिझमच्या २,१४३ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले. वर्षभरानंतर मृत किंवा परावलंबी रुग्ण कॉइलच्या गटात २३.७ टक्के होते, क्लिपच्या गटात ३०.६. पण हे रुग्ण दोन्ही उपाय चालतील असेच निवडलेले होते, हे सोयीस्करपणे विसरलं जातं. रुंद मानेचा फुगवटा कॉइलला दाद देत नाही, भरलेला पुन्हा उघडूही शकतो. काही ठिकाणी मग धमनीतच दाट जाळीची नळी, फ्लो डायव्हर्टर, बसवतात. तिच्यासाठी रक्त पातळ ठेवणारी औषधं लागतात; नुकत्याच फुटलेल्या फुगवट्यात तीच जोखीम ठरते.

फुगवटा बंद झाला तरी रुग्ण आयसीयूतच. चौथ्या ते चौदाव्या दिवसांत धमन्या आकसू शकतात, म्हणून निमोडिपिन हे औषध एकवीस दिवस चालतं.

खरा पेच न फुटलेल्याचा. लहानशा फुगवट्यात कधी कधी उपचाराचाच धोका फुटण्यापेक्षा जास्त असतो. आकार, जागा, वय, घराण्यातला इतिहास पाहून डॉक्टर तेव्हा हात लावत नाहीत. सिगारेट बंद, रक्तदाब ताब्यात आणि ठरलेल्या तारखेला पुन्हा एमआर अँजिओ, म्हणजे धमन्यांचं एमआरआय चित्र.