आठ वर्षांचं अंतर

रविवार सकाळ. घंटा झाली, मंडळी आत येऊन बसली. आजी ज्या बाकावर बसायची, त्याच बाकावर मी बसतो. मांडीवर गीतांचं पुस्तक, कोपरे हाताळून हाताळून काळे पडलेले. पाळक म्हणतात, "आपण प्रभूची प्रार्थना म्हणू या." सगळी तोंडं एका चालीत सुरू होतात आणि अर्ध्या मिनिटात प्रार्थना संपते. तेवढ्या वेळात मी गाडी उन्हात आहे का, येताना मटण कुणी आणायचं, सगळा हिशेब करून आलेलो असतो. तोंड मात्र एका शब्दाला चुकत नाही.

ख्रिस्ती घरात जन्मलेल्या आमच्यासारख्यांचं हे जुनं दुखणं. बाप्तिस्मा कळत नव्हतं तेव्हा झाला, दृढीकरण, म्हणजे विश्वास आपल्या तोंडाने कबूल करण्याचा विधी, शाळेत असताना. मंडळीच्या वहीत नाव आहे. त्या नावामागे विश्वास आहे का, हे मला आजवर कुणी विचारलं नाही. मीही विचारलं नाही.

एका बाईने स्वतःला विचारलं होतं. तिच्यासाठी आपण पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आलो आहोत. हे पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींसाठी त्यांनी उभं केलेलं घर.

रमाबाईंचं लहानपण तीर्थयात्रेत गेलं. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत गावोगाव फिरायचे. त्या पायपिटीतच आईने मुलीला संस्कृत शिकवलं. दुष्काळात आईवडील गेले. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी रमाबाईंना 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज इथे रमाबाईंनी लेक मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

इथे गोष्ट संपायला हवी होती. इकडे महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! पण रमाबाईंचा शोध थांबला नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरंच का, आमची संस्कृत का नको, असं त्यांनी वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनींना पत्रातून विचारलं. न कळणाऱ्या शब्दांपुढे मान झुकवणं त्यांना जमत नव्हतं.

पुढे त्या पुण्यात शारदा सदन ही विधवांसाठीची शाळा चालवत असताना एका इंग्रज पाळकाची हकिकत त्यांच्या वाचनात आली. विल्यम हॅस्लम त्याचं नाव. 1851 मध्ये कॉर्नवॉलमधल्या बॉल्डू गावी हा माणूस उपदेश करायला उभा राहिला आणि बोलता बोलता स्वतःच्याच शब्दांनी हलला. ऐकणाऱ्यांपैकी एकजण ओरडला, "पाळकाचं तारण झालं!" कितीतरी रविवार पुलपिटावर उभा राहिलेला माणूस, आणि त्या दिवशी पहिल्यांदा त्याने स्वतःचं बोलणं ऐकलं.

रमाबाईंना त्यात आपलं काहीतरी दिसलं असावं. त्यांनी पुढे स्वतःच्या साक्षीत लिहून ठेवलं, की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी माझ्या लक्षात आलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता.

हे वाक्य मी अनेकदा वाचलं आहे. धर्मांतरासाठी आप्तांचा, समाजाचा रोष पत्करलेली बाई हे कबूल करते. गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कळलं असतं?

1905 साली केडगावात जागृती, म्हणजे विश्वासाची मोठी लाट, आली. मुली तासन्‌तास मोठ्याने प्रार्थना करत, रडत, पापं कबूल करत. मोठ्याने रडणं म्हणजे खरी भक्ती, असं मी म्हणणार नाही. रडण्याचीही सवय लागते. मला थांबवतो तो इथला छापखाना.

रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून पवित्र शास्त्राचं मराठी भाषांतर केलं. ज्यांना हजारो श्लोक पाठ होते, त्यांनी संस्कृत शब्द बाजूला ठेवले आणि खेड्यातल्या बाईला कळेल अशी मराठी धरली. खिळ्यांची जुळणी, छपाई, बांधणी, सगळं मिशनमधल्या मुलींनी केलं. त्यांतल्या कितीतरी जणी इथे आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती.

छपाईचा खिळा, म्हणजे एकेका अक्षराचा धातूचा ठसा, उलटा असतो. त्यावरचं अक्षर आरशात पाहावं तसं वाचावं लागतं. एकेक खिळा चिमटीत धरायचा, निरखायचा, ओळीत बसवायचा. चूक झाली की उपसून पुन्हा. अशा कामात वचन तोंडपाठ म्हणून पुढे सरकता येत नाही. प्रत्येक काना, प्रत्येक वेलांटी बोटांखालून जाते.

1921 मध्ये मनोरमा गेली. 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाई गेल्या. पूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झालं.

केडगावहून परतल्यावरच्या रविवारी मी पुन्हा त्याच बाकावर होतो. प्रभूची प्रार्थना सुरू झाली. या वेळी खिळे जुळवावेत तशी, एकेक शब्दावर थांबत म्हणून पाहिली. 'आमची रोजची भाकर आज आम्हांस दे' इथवर आलो. पुढची ओळ, 'जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे'.

सख्ख्या भावाशी दोन वर्षं बोललेलो नाही. वडिलोपार्जित घराचा वाद. ही ओळ या दोन वर्षांत मी दर रविवारी म्हणत आलो होतो.

मंडळी 'आमेन'पर्यंत पोचली. मी त्याच ओळीवर होतो.